यूसीजीची पोकळी जमिनीवरून शोधायची कशी: आधी गणित, मग बेसलाइन, मग सर्वे

यूसीजी म्हणजे अंडरग्राउंड कोल गॅसिफिकेशन, कोळसा न खणता जमिनीखालीच पेटवायचा, एका बोअरमधून हवा किंवा ऑक्सिजन आणि वाफ आत सोडायची आणि दुसऱ्या बोअरमधून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण वर घ्यायचं. कोळसा जळून गेला की तिथे पोकळी उरते. ती कुठे आहे, केवढी झालीये, छतात किती वर चढलीये, वरच्या पाण्याच्या थरापर्यंत पोचलीये का, हे सगळं खाली माणूस न पाठवता कळलं पाहिजे, कारण खाली कोणी जाऊच शकत नाही.

हे कळणं किती गरजेचं आहे ते आधी झालेल्या साइटवरून दिसतं. अमेरिकेत वायोमिंगमधल्या हो क्रीकला १९७६ ते १९७९ मध्ये तीन चाचण्या झाल्या, कोळसा जेमतेम ४० मीटर खोल होता, पोकळी खालच्या कोळशाच्या थरातून वरच्या दुसऱ्या थरात चढली, जमीन खचली आणि भूजलात बेंझीन, फिनॉल गेलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या चिंचिलाला जास्त प्रेशरने काम केल्यामुळे खडकाला भेगा पडून गॅस बाहेर पसरला, २०१६ मध्ये क्वीन्सलँडने यूसीजीवर बंदीच आणली आणि २०१८ मध्ये लिंक एनर्जी कंपनीला ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. त्यामुळे पोकळी शोधणं हे रिपोर्टमध्ये नकाशा जोडण्यापुरतं काम समजू नका, पाणी आणि वरची जमीन वाचवायचं काम आहे हे, आणि ते नीट करायचं तर सुरुवात पेटवायच्या आधीपासून करावी लागते. माझा पूर्ण जोर याच मुद्द्यावर आहे, बेसलाइन, म्हणजे पेटवायच्या आधीची मोजणी, नसेल तर नंतर कितीही महागडं मशीन आणा, दिसलेली गोष्ट आधीपासून होती की आत्ता झाली हेच सांगता येत नाही.

खाली नक्की काय असतं

बरेच जण डोक्यात एक स्वच्छ रिकामा गोळा धरून सर्वे प्लॅन करतात आणि तिथेच गडबड होते. वॉशिंग्टन राज्यात सेंट्रेलियाजवळ १९८० च्या दशकात ज्या चाचण्या झाल्या त्यातल्या काही पोकळ्या नंतर चक्क खणून उघड्या केल्या गेल्या, आणि आत बऱ्यापैकी ढिगारा निघाला, राख, वितळून थिजलेला स्लॅग, छतातून पडलेले दगड, अर्धवट जळलेला कोळसा. म्हणजे तळाशी राख आणि ढिगारा, त्याच्या वर गॅसची जागा, ती कधी मोठी तर कधी नावापुरती, भोवती कोक झालेल्या (तापून आतले वायू निघून गेलेल्या) कोळशाचं कवच, त्याच्या बाहेर वाळलेला कोळसा, मग ओला मूळ कोळसा, आणि वर भाजलेलं, तडे गेलेलं छत. हे सगळं काम चालू असताना गरम असतं, बंद केल्यावर हळूहळू थंड होतं आणि पाण्याने भरत जातं.

प्रत्येक थराचा गुणधर्म वेगळा आणि वेळेनुसार बदलणारा. बिट्युमिनस कोळसा विजेला चांगलाच अडवतो, शेकडो ते हजारो ओहम-मीटर, लिग्नाइट त्यापेक्षा बराच कमी. गरम होऊन वाळला की रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला अडवायची ताकद, अजून वाढते, पण साधारण ६००-७०० अंशांच्या पुढे तोच कोळसा कोक होऊन वीज वाहून न्यायला लागतो, रेझिस्टिव्हिटी अनेक पटींनी कोसळते. गॅसने भरलेली जागा परत एकदम रेझिस्टिव्ह. आणि नंतर त्यात राखेतले क्षार विरघळलेलं गरम पाणी शिरलं की तीच जागा कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहून नेणारी, होते, त्यात पाण्याची कंडक्टिव्हिटी दर अंशामागे साधारण २ टक्क्यांनी वाढते. म्हणून 'पोकळी म्हणजे हाय रेझिस्टिव्हिटी' असा एकच नियम घेऊन बसलात तर त्याच पोकळीचा निष्कर्ष सहा महिन्यांनी उलटा निघेल.

आधी गणित: पोकळी केवढी असायला पाहिजे

सर्वेच्या आधी गॅस मीटरचे आकडे मागून घ्या, हे फुकटचं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी. वर आलेल्या कोरड्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मिळून किती टक्के आहेत ते बघा, या तिन्हीच्या प्रत्येक रेणूत कार्बनचा एकच अणू असतो त्यामुळे हिशोब सोपा आहे, एक नॉर्मल घनमीटर म्हणजे ४४.६ मोल, गुणिले १२ ग्रॅम. समजा तिन्ही मिळून ४० टक्के आहेत तर दर घनमीटर गॅसमागे २१४ ग्रॅम कार्बन वर आला. एक कोटी घनमीटर गॅस निघाला असेल तर झाला २,१४० टन कार्बन, कोळशात कार्बन ६० टक्के धरला तर जवळपास ३,५७० टन कोळसा, आणि घनता १.३५ धरली तर सुमारे २,६४० घनमीटर जागा. गोळा धरला तर त्रिज्या साडेआठ मीटरच्या आसपास, अर्धगोल धरला तर पावणेअकरा. गॅस गळत असेल तर खरी जागा याहून मोठी असणार, टार वर आलं असेल तर त्यातला कार्बनही मिळवा. हा आकडा जवळ असला की नंतर कोणी ४० मीटर त्रिज्येची पोकळी दाखवली तर तुम्हाला लगेच विचारता येतं की मग एवढा गॅस गेला कुठे.

दुसरं गणित छताचं. पडलेला खडक मूळ खडकापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पडत पडत कधीतरी तो स्वतःच जागा भरून काढतो आणि पडणं थांबतं. किती वर जाऊन थांबेल ते साधारण पोकळीची उंची भागिले फुगवटा, म्हणजे खडक २० टक्के फुगत असेल आणि पोकळी ६ मीटर उंच असेल तर ३० मीटर. फुगवटा १० टक्केच असेल तर ६० मीटर. ओली चिखलमाती किंवा मऊ शेल असेल तर फुगवटा कमी मिळतो आणि चिमणी, म्हणजे छत पडत पडत वर चढणारा ढिगाऱ्याचा खांब, उंच जाते. वरचा पाण्याचा थर या उंचीच्या आत येतो का हे पहिल्याच दिवशी कागदावर बघून ठेवा.

मग हे दिसेल का, ते तपासा

आता कुठली मेथड चालेल हे ठरवायचं, आणि ते मशीन भाड्याने घ्यायच्या आधी ठरवायचं. ग्रॅव्हिटीचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणातला फरक मोजायच्या पद्धतीचं, उदाहरण घेतो कारण तिथे कागद-पेन्सिलने उत्तर मिळतं. १० मीटर त्रिज्येची पूर्ण रिकामी पोकळी, कोळशाची घनता १,३०० किलो प्रति घनमीटर, मध्य १०० मीटर खोल, तर जमिनीवर ग्रॅव्हिटी कमी होते फक्त ३.६ मायक्रोगॅलने (हे ग्रॅव्हिटीतला बारीक फरक मोजायचं एकक). चांगल्यातलं फील्ड ग्रॅव्हिमीटर नीट काळजी घेऊन ५ मायक्रोगॅलच्या आसपास देतं, म्हणजे दिसणार नाही. तीच पोकळी ३० मीटर खोल असती तर ४० मायक्रोगॅल, आरामात दिसली असती. त्रिज्या २० मीटर आणि खोली १०० मीटर असेल तर २९ मायक्रोगॅल, म्हणजे शक्य आहे पण मेहनत आहे. आणि पोकळीत पाणी भरलं की घनतेतला फरक १,३०० वरून ३०० वर येतो, सिग्नल पावपटीपेक्षाही कमी. कॅनडात स्वान हिल्सला १,४०० मीटर खोलीवर यूसीजी केलं होतं, तिथे जमिनीवरून ग्रॅव्हिटी करून काही हाती लागणार नाही हे सांगायला सॉफ्टवेअरही लागत नाही.

असंच प्रत्येक मेथडचं फॉरवर्ड मॉडेल, म्हणजे पोकळी धरून सिग्नल किती येईल याचा हिशोब, करा, आणि ते चार अवस्थांसाठी वेगवेगळं करा: पेटवायच्या आधी, गरम आणि गॅसने भरलेली, थंड होत असलेली, पाण्याने भरलेली. जी मेथड चारपैकी एकाही अवस्थेत तुमच्या साइटच्या नॉइजच्या वर सिग्नल देत नाही ती यादीतून काढून टाका, मग ती कितीही आवडती असो.

बेसलाइन

बेसलाइनची योग्य वेळ म्हणजे बोअर, केसिंग, पाइपलाइन, शेड हे सगळं बसून झालंय पण पेटवलेलं नाही. त्याच्या आधी घेतली तर नंतर आलेलं लोखंड तुमच्या फरकात शिरतं, आणि नंतर घेतली तर ती बेसलाइनच राहिली नाही. शक्य असेल तर दोनदा घ्या, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा कोरड्या दिवसांत, कारण वरच्या मातीतला ओलावा आणि भूजल पातळी स्वतःच रेझिस्टिव्हिटी, ग्रॅव्हिटी आणि सिस्मिकचा स्टॅटिक (वरच्या मातीत लहरीला होणारा उशीर) बदलते, आणि हा नैसर्गिक बदल किती मोठा असतो हे माहीत नसेल तर तोच तुम्हाला पोकळी वाटेल. प्रत्येक स्टेशनला सिमेंटमध्ये पक्का मार्कर रोवा, खांबाच्या डोक्याची उंची मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवा. त्याच जागी, शक्यतो तेच मशीन, तीच सेटिंग, तोच क्रम. कंटाळवाणं वाटतं पण पुढची सगळी किंमत यातूनच वसूल होते.

इलेक्ट्रिकल, म्हणजे ईआरटी (जमिनीत करंट सोडून रेझिस्टिव्हिटीचं चित्र काढायची पद्धत)

माझ्या मते उथळ ते मध्यम खोलीच्या यूसीजीसाठी पहिला पैसा इथे घालावा, कारण वर सांगितलं तसं रेझिस्टिव्हिटीचा बदल काही टक्क्यांचा नसतो, पटींमध्ये असतो. जमिनीवरच्या लाइनचा अंदाज असा की लांबीच्या पाचव्या ते सहाव्या हिश्श्यापर्यंत खोली मिळते, म्हणजे २०० मीटर खोलीला एक ते सव्वा किलोमीटरची लाइन हवी, आणि तेवढ्या खोलीवर रिझोल्यूशन इतकं ढोबळ होतं की १५ मीटरची पोकळी एक फिकट डाग म्हणून दिसेल किंवा दिसणारही नाही. म्हणून ६०-७० मीटरच्या खाली गेलात की इलेक्ट्रोड बोअरमध्ये उतरवा. दोन बोअरमधलं अंतर इलेक्ट्रोडच्या माळेच्या लांबीच्या अर्ध्या ते पाऊण पटीत ठेवा, त्याहून जास्त झालं की मधला भाग आंधळा होतो.

इलेक्ट्रोड बोअरला लोखंडी केसिंग अजिबात नको, सगळा करंट केसिंगमधूनच पळतो, प्लास्टिकचं केसिंग असेल तर इलेक्ट्रोड त्याच्या बाहेरच्या बाजूला बांधून ग्राउट करा (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरा), पण उष्णता पोचणार असेल तिथे फायबरग्लास बघा. उत्पादनाच्या लोखंडी बोअरचं मात्र तुम्ही काही करू शकत नाही, तर त्यांना मॉडेलमध्ये घ्या, आणि खरं तर त्याच केसिंगला लांब इलेक्ट्रोड म्हणून वापरून त्यात करंट सोडला तर कोक झालेला कंडक्टिव्ह भाग कुठल्या दिशेला पसरलाय हे जमिनीवरच्या व्होल्टेजवरून चांगलं कळतं.

अॅरेबद्दल, म्हणजे इलेक्ट्रोड मांडायच्या पद्धतींबद्दल: डायपोल-डायपोल आडवे बदल छान पकडतो पण सिग्नल कमकुवत, वेनर-श्लुंबर्जे मजबूत, पोल-डायपोल खोल जातो. दोन अॅरे घ्या. आणि रेसिप्रोकल रीडिंग घ्याच, म्हणजे करंट आणि व्होल्टेजच्या जोड्या अदलाबदल करून परत मोजायचं, दोन्हीतला फरक म्हणजे तुमची खरी एरर. ही एरर इन्व्हर्जनमध्ये (रीडिंगवरून खालचं मॉडेल काढायच्या हिशोबात) नाही घातली तर सॉफ्टवेअर नॉइजलाही आकार देऊन सुंदर चित्र काढतं. टाइम-लॅप्स, म्हणजे वेगवेगळ्या वेळच्या सर्वेंचं, इन्व्हर्जन करताना आधीचं मॉडेल रेफरन्स म्हणून द्या आणि दोन्हीसाठी मेश (हिशोबाची जाळी) एकच ठेवा, वेगवेगळं इन्व्हर्ट करून मग वजाबाकी केली तर अर्धे फरक इन्व्हर्जनचे निघतात.

वाचताना क्रम लक्षात ठेवा. चालू असताना कंडक्टिव्ह कवच आणि त्यात रेझिस्टिव्ह गाभा अशी खूण असते, आणि जाड कंडक्टिव्ह कवचामुळे आतला गाभा बऱ्याचदा दिसतच नाही. त्यामुळे पहिल्यांदा कंडक्टिव्ह ठिपका आला म्हणून पाणी शिरलं असं घाईने लिहू नका, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) काय सांगतोय ते बघा.

अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत बोअर-टू-बोअर हाय फ्रिक्वेन्सी इलेक्ट्रोमॅग्नेटिक लहरी सोडूनही जळणारा भाग पाहिला गेला, हो क्रीकला लॉरेन्स लिव्हरमोर लॅबने हे केलं होतं. कोळशातून या लहरी बऱ्या जातात, जिथे कोक किंवा खारट पाणी आहे तिथे मरतात, आणि जवळच्या अंतरावर याचं रिझोल्यूशन ईआरटीपेक्षा चांगलं येतं. १०-२० मीटरवर बोअर असतील तर विचार जरूर करा. सीएसएएमटी म्हणजे दूरवरून कंट्रोल्ड सोर्स देऊन मोजायची पद्धत खोल साइटला चालते, पण पाइपलाइनचं कॅथोडिक प्रोटेक्शन (गंज टाळायला पाइपला दिलेला करंट) आणि पॉवरलाइन दोन्ही तिचे शत्रू, सर्वेच्या तासांपुरतं कॅथोडिक प्रोटेक्शन बंद ठेवायची परवानगी आधीच लिहून घ्या.

सिस्मिक

२०० मीटरच्या खाली सिस्मिकशिवाय, म्हणजे धक्क्याच्या लहरी सोडून त्यांचं परावर्तन टिपल्याशिवाय, आकार सांगता येत नाही. पण अपेक्षा नीट ठेवा. वेग २,५०० मीटर प्रति सेकंद आणि फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ तर लहर २५ मीटर लांब, २०० मीटर खोलीवर फ्रेनेल झोनची (ज्या भागातून परावर्तन एकत्र येतं त्याची) त्रिज्या येते ५० मीटर, म्हणजे २० मीटरची पोकळी मायग्रेशनच्या (परावर्तनं खऱ्या जागी नेणाऱ्या प्रोसेसिंगच्या) आधी स्वच्छ परावर्तन देणार नाही, ती डिफ्रॅक्शन, म्हणजे विखुरलेली लहर, देईल, उलट्या वाटीसारखा हायपरबोला. उभं रिझोल्यूशन लहरीच्या पाव भागाएवढं, ६ मीटरच्या आसपास. त्यामुळे फ्रिक्वेन्सी जेवढी वर नेता येईल तेवढी न्या: वरच्या सैल मातीच्या खाली सोर्स न्या, जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारे सेन्सर) पुरा, अंतर २ ते ५ मीटर ठेवा. शक्य असेल तर थ्री-डी करा, कारण टू-डी लाइनवर बाजूच्या पोकळीचं डिफ्रॅक्शन पण लाइनखालीच आहे असं दिसतं.

प्रोसेसिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा की डिफ्रॅक्शन हाच आपला सिग्नल आहे. तेल-गॅसची सवय असलेले लोक चित्र गुळगुळीत करायला कोहेरन्सी फिल्टर मारतात आणि नेमकं हवं ते धुवून टाकतात. मायग्रेशनच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही सेक्शन मागा.

काय शोधायचं: कोळशाचं परावर्तन एरवी ठळक आणि सलग असतं, ते जिथे तुटतं किंवा फिकं पडतं, त्याच्या खालची सावली जिथे एनर्जी पोचलेली नाही, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे खालच्या परावर्तनांचं पुल-डाउन, म्हणजे लहर उशिरा पोचल्यामुळे ती खाली ओढल्यासारखी दिसणं. हिशोब बघा, छत पडून ४० मीटर उंचीचा ढिगारा झाला आणि त्यात वेग २,५०० वरून १,५०० झाला तर येण्याजाण्याच्या वेळेत २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो, जो चांगल्या डेटात डोळ्याने दिसतो. म्हणजे मूळ पोकळीपेक्षा तिच्यावरची चिमणी जास्त सहज सापडते, आणि पाण्याच्या थराच्या दृष्टीने आपल्याला चिमणीचीच जास्त काळजी आहे. शिअर लहर (आडवी हलवणारी लहर) गॅस किंवा पाण्यातून जातच नाही, त्यामुळे बोअरमध्ये थ्री-कंपोनंट जिओफोन टाकून व्हीएसपी (सोर्स जमिनीवर, जिओफोन बोअरमध्ये) किंवा क्रॉसहोल (बोअर ते बोअर) केलं तर शिअरची सावली पोकळीची हद्द बऱ्यापैकी बांधून देते.

कंप्रेसर चालू असताना सर्वे करायचा असेल तर आधी अर्धा तास नुसता नॉइज रेकॉर्ड करा, स्पेक्ट्रम बघा, आणि कंप्रेसरचे मुख्य सूर तुमच्या बँडमध्ये असतील तर स्टॅक (एकाच जागी परत परत घेऊन जोडलेले शॉट) वाढवा किंवा शटडाउनची वेळ धरा.

मॅग्नेटिक, योग्य वेळी

छतातल्या शेलमध्ये सिडेराइट, पायराइट असतं, ते तापून मॅग्नेटाइट तयार होतं. मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या वर आपलं चुंबकत्व सोडतं आणि थंड होताना पृथ्वीच्या आत्ताच्या फील्डच्या दिशेने पक्कं चुंबकत्व धरतं. म्हणून गरम असताना सर्वे केला तर काही खास मिळत नाही, थंड झाल्यावर केला तर भाजलेलं छत उठून दिसतं, कोळशाच्या नैसर्गिक आगींनी भाजलेले खडक अशाच पद्धतीने मॅप करतात. पण खोली इथेही मारते: १० मीटर त्रिज्येएवढा भाजलेला खडक, मॅग्नेटायझेशन १० अँपिअर प्रति मीटर, १०० मीटर खोल, तर जास्तीत जास्त साधारण ८ नॅनोटेस्ला. बेस स्टेशनने (एकाच जागी ठेवलेल्या मशीनने) दिवसभराचा बदल वजा केलात तर ८ नॅनोटेस्ला दिसतात, पण शेजारी लोखंडी केसिंग हजारो नॅनोटेस्ला देत असेल तर ती बेसलाइन वजा केल्याशिवाय काहीही उरत नाही. एक पाइप जरी मधल्या काळात हलवला असेल तर त्याची नोंद हवी.

ग्रॅव्हिटी करायचीच असेल तर

वरच्या गणितात पास झाली असेल तरच. उंचीची चूक १ सेंटिमीटर म्हणजे ३ मायक्रोगॅल, त्यामुळे जीपीएसवर न राहता प्रिसाइज लेव्हलिंग करा, दर तासाला बेसवर परत या, प्रत्येक स्टेशन वेगवेगळ्या वेळी किमान दोनदा मोजा. आणि एक गोष्ट बरेचदा सुटते: जमीन २ सेंटिमीटर खचली तर मीटर खाली गेल्यामुळे ग्रॅव्हिटी ६ मायक्रोगॅल वाढते, पोकळीमुळे ती कमी होत असते, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि नकाशा एकदम शांत दिसतो, जेव्हा की खाली सगळ्यात जास्त हालचाल चालू असते. लेव्हलिंगशिवायच्या ग्रॅव्हिटीवर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

चालू असताना ऐकत राहणं

मायक्रोसिस्मिक हे सर्वेपेक्षा पहारा जास्त आहे. छताचे तुकडे तडकून पडतात त्याचे छोटे धक्के जिओफोन पकडतात, पोकळी वर चढतेय का हे जवळपास त्याच वेळी कळतं. जिओफोन पोकळीच्या आजूबाजूच्या निरीक्षण बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलीवर सिमेंटने पक्के करा, सगळे एकाच पातळीवर असतील तर धक्क्याची खोली धड निघत नाही. ज्ञात जागी छोटा शॉट मारून वेगाचं मॉडेल तपासा, आणि तापून खडकाचा वेग बदलतो म्हणून हे मधूनमधून परत करा. धक्क्यांचा ढग म्हणजे तडकणारा खडक, पोकळीची भिंत त्याच्या थोडी आत असते.

जमिनीच्या हालचालीसाठी टिल्टमीटर (जमिनीचा कल मोजणारं यंत्र) आणि इनसार (उपग्रहाच्या रडारने जमिनीची हालचाल मोजायची पद्धत). खचण्याची वाटी पोकळीपेक्षा बरीच रुंद असते, ३५ अंशांचा कोन धरला तर २०० मीटर खोलीसाठी पोकळीच्या कडेपासून १४० मीटर बाहेरपर्यंत, म्हणून लेव्हलिंगची लाइन तेवढी लांब न्या. सेंटिनल-१ चा डेटा मोफत आहे आणि एक उपग्रह १२ दिवसांनी त्याच जागी येतो, पण त्याची ५.६ सेंटिमीटरची लहर झाडीत बिघडते, तिथे कॉर्नर रिफ्लेक्टर लावा किंवा लांब लहरीचा एल-बँड घ्या.

ड्रोनवरचा थर्मल कॅमेरा घेऊन पोकळी शोधायला कोणी सांगत असेल तर हा आकडा दाखवा: खडकातून उष्णता वर्षभरात ५-६ मीटर सरकते, १०० मीटर यायला शेकडो वर्षं लागतील. थर्मलवर काही गरम दिसलं तर ती भेगेतून किंवा बोअरच्या बाजूने होणारी गळती, आणि ती तेवढ्याच गंभीरपणे घ्यायची. जीपीआर, म्हणजे जमिनीत रडार लहरी सोडायची पद्धत, जमिनीवरून काही मीटरच्या खाली, तेही चिकणमाती नसेल तर, फारसं जात नाही, पण पोलंडमधल्या बार्बरा प्रायोगिक खाणीत यूसीजीचा बदल जीपीआरने पाहिला गेलाय, कारण तिथे अँटेना भूमिगत बोगद्यातून कोळशाजवळ नेता आला.

जोडून वाचणं आणि ड्रिलिंग

सगळे नकाशे एकाच ग्रिडवर, एकाच शून्य-पातळीवर आणा. जिथे ईआरटीचा बदल, सिस्मिकचं पुल-डाउन आणि धक्क्यांचा ढग एकत्र येतात तो भाग पक्का, जिथे दोनच जुळतात तो संशयित, एकट्याने ओरडणाऱ्या मेथडसाठी आधी नॉइजचं कारण शोधा. मग घनफळ कार्बनच्या हिशोबाशी ताडून बघा. रिपोर्टमध्ये एकच गोल रेष काढू नका, आतली हद्द आणि बाहेरची हद्द अशा दोन काढा, कारण पाण्याचं धोरण बाहेरच्या हद्दीवर ठरतं आणि पोकळीत शिरणारं ड्रिलिंग आतल्या हद्दीवर.

पडताळणीचा बोअर शेवटी लागतोच. पहिला बोअर मधोमध मारू नका, बाहेरच्या हद्दीवर मारा, तिथे कोरमध्ये (ड्रिलने काढलेल्या खडकाच्या नमुन्यात) भाजलेला आणि न भाजलेला खडक यांची सीमा मिळते जी मॉडेलला सगळ्यात जास्त बांधते. बीओपी (गॅस उसळला तर बोअरचं तोंड बंद करणारं उपकरण) लावल्याशिवाय, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनचे डिटेक्टर चालू असल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हे सर्वेच्या दिवसांतही लागू, ईआरटीचा केबल शेकडो व्होल्टवर असतो आणि गळका बोअर शेजारी असेल तर एक ठिणगी पुरते. ड्रिलिंगचं पाणी अचानक गायब होणं, रॉड झटकन खाली जाणं, परतीच्या पाण्याचं तापमान वाढणं, या तिन्हीची खोली तिथल्या तिथे लिहा. आत शिरल्यावर जागा कोरडी आणि पुरेशी थंड असेल तर लेझर स्कॅनर, पाण्याने भरलेली असेल तर सोनार. दोन्ही फक्त नजरेसमोरची मोकळी जागा दाखवतात, ढिगाऱ्याआडचं नाही, म्हणून स्कॅनचं घनफळ कार्बनच्या हिशोबापेक्षा कमी आलं तर ते चूक समजू नका, उरलेली जागा ढिगाऱ्याच्या फटींमध्ये आणि वर चिमणीत वाटली गेलेली असते.

बोअरच्या नोंदी इन्व्हर्जनमध्ये घालून मॉडेल परत चालवा, आणि ईआरटीचे इलेक्ट्रोड काढू नका. पाणी भरायला महिने जातात, कधी वर्षं, आणि त्या काळात रेझिस्टिव्हिटी कुठल्या बाजूने आधी कमी होतेय त्यावरून पाणी कुठून आत येतंय ते कळतं, आणि पाणी बाहेर जायला लागलं तर कंडक्टिव्ह जीभ त्याच दिशेने बाहेर निघताना दिसते, पाण्याचे नमुने घ्यायचा बोअर तिच्या टोकापुढे मारायचा.